हॉल मागे, अंगण पुढे

"दीदी, निकाल दो. पूरी की पूरी."

"नटाले हात लावशील तं पाहून घेईन, संध्या!"

पहिला आवाज निखिलचा आणि दुसरा त्याच्या वडिलांचा, गजभिये काकांचा. दोघंही खाली अंगणात मान वर करून उभे होते. मी त्यांच्या गच्चीवर, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात डिशची कड. एकाचं ऐकून नट थोडा सैल करायचा, दुसऱ्याचं ऐकून परत आवळायचा, असं बराच वेळ चाललं होतं. शेवटी मी पाना पिशवीत टाकला आणि वरूनच ओरडले, "तुमचं ठरलं की चहाला हाक मारा. तोवर मी टाकीच्या सावलीत बसते."

माझं दुकान जबलपुरात, गोहलपूर भागात आहे. वडिलांनी डिश लावायचा धंदा सुरू केला. त्यांच्या गुडघ्यांनी जिने चढायला नकार दिला तेव्हापासून मी चढते. नवा कस्टमर दार उघडून माझ्या मागे बघतो आणि विचारतो, "मिस्त्री कब आएगा?" मी म्हणते, "आ गया." पूर्वी याचा राग यायचा, आता मजा येते. हल्ली मी डिशसोबत इंटरनेटच्या लाइनीही टाकते. म्हणजे एका घरातली डिश काढायची आणि तिथेच फायबर लावायचं, असंही काम येतं. स्वतःच बांधलेलं स्वतः उतरवायचं. पोटासाठी करते, पण आवडत नाही.

घमापुरातल्या गजभियांच्या घरचं काम असंच होतं. काका फॅक्टरीतून रिटायर झालेले. निखिल घरून कॉम्प्युटरवर काम करणारा, त्यामुळे घरात फायबर आधीच आलेलं. त्याने नवा मोठा टीव्ही आणला, हॉलच्या भिंतीवर ठोकला आणि जाहीर केलं की आता सगळं इंटरनेटवरच बघायचं. मराठी मालिका, बातम्या, मॅच, सगळं त्यात येतं. मग गच्चीवरची ती थाळी कशाला?

चहाला हाक आली. ठरलेलं मात्र काही नव्हतं.

"पाऊस आला का डिश बंद," निखिल म्हणाला. "पिच्चर के टुकडे टुकडे हो जाते हैं. बाबांना सांगा ना दीदी, तुम्ही एक्स्पर्ट आहात."

"अन् याची वायर?" काका माझ्याकडे वळले. "दसऱ्यात देवीची मूर्ती निघाली का पोरं बांबूनं सगळ्या वायरी वर उचलते. मागच्या वर्षी त्यातच तुटली. तीन दिवस हा पोरगा वेड्यावानी फिरून राहिला होता."

"दो दिन, बाबा."

"तीन!"

दोघांचंही खरं होतं. डिश म्हणजे आकाशातल्या उपग्रहाकडे तोंड करून बसलेला कान. मध्ये झाड, भिंत, दाट ढग आला की ऐकू येणं कमी होतं. आणि फायबर म्हणजे रस्त्यावरून आलेली काचेची बारीक तार. ती आकाशाची पर्वा करत नाही, पण बांबूची करते. मी हे दोघांना सांगितलं आणि दोघांनीही मला आपल्या बाजूचा साक्षीदार समजून मान डोलावली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. माझे डिस्ट्रिब्युटर साहेब. "संध्या जी, वो घमापुर वाली डिश निकली क्या? इस महीने फायबर ही फायबर चाहिए."

"निकल रही है, सर."

"कब से निकल रही है?"

"फॅमिली मॅटर है, सर," म्हणून मी फोन ठेवला. या उत्तरापुढे कोणताही साहेब काही बोलत नाही.

आतून कमलामावशींची हाक आली. "पोरी, इकडं ये जरा."

कमलामावशी म्हणजे काकांच्या पत्नी. पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघ्याला पट्टी. ऑपरेशन नुकतंच झालं होतं. बाहेर बाप-लेक भांडत होते आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

दसऱ्याला आमच्या लोकांची नागपूरला जायची रीत. धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमीवर लाखो लोक जमतात, एकत्र वंदना म्हणतात. जबलपुरातल्या आमच्या गल्ल्या रिकाम्या होतात. कमलामावशी लग्न झाल्यापासून एकदाही चुकल्या नव्हत्या. पोर कडेवर असताना गेल्या, ताप असताना गेल्या. नागपूरला त्यांची धाकटी बहीण शांताबाई. दोघी बहिणी मैदानात एकाच चादरीवर बसायच्या. यंदा डॉक्टरांनी हात जोडले होते. गर्दी नको, प्रवास नको, पाय दुमडून खाली बसणं तर नकोच.

"शांता म्हणते, चादरीवर तुही जागा ठेवीन म्हणून," मावशी म्हणाल्या. "कोणाले बसू देणार नाही म्हणते. आता मले सांग. या दोघात त्याच वेळचं कोणतं दिसते?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिकडं ज्या टायमाले वंदना म्हणून राहिले, त्याच टायमाले मले म्हणायची आहे. शांताच्या संगं. मागून म्हटलं तर काय फायदा? ते तर कॅसेट लावल्यावानी झालं."

निखिल दारात येऊन उभा होता. "आई, दोन्ही लाइव्हच असते. वर लाल अक्षरात लिहिलेलं असते ना."

मी खरं ते सांगितलं. लाइव्ह लिहिलेलं असलं तरी दोन्हींना थोडा उशीर होतो. डिशचा उशीर लहान. सिग्नल वर जातो, खाली येतो, झालं. इंटरनेटवर कार्यक्रमाचे तुकडे करून पाठवतात आणि टीव्ही ते लगेच दाखवत नाही, आधी थोडे साठवून घेतो. पंगतीत वाढणारी बाई कशी, टोपलीत पुरेशा पोळ्या जमल्याशिवाय पहिलं ताट वाढत नाही, कारण मध्येच पोळी संपली तर लाज जाते. तसंच ते. त्यामुळे चित्र अडकत नाही, पण सगळं अर्धं मिनिट मागे चालतं.

"पण मावशी, तुम्हाला कळणार पण नाही," मी म्हटलं. "एकच टीव्ही बघणार ना?"

मावशींनी बाहेर पाहिलं. हॉलच्या भिंतीवर निखिलचा मोठा टीव्ही. पोराने आईसाठीच तो दसऱ्याच्या आत आणला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

"मोठ्यात मैदान मोठं दिसन," त्या म्हणाल्या. "तोच राहू द्या. पण यांची डिश काढू नका. चिडचिड करतीन."

झालं, निकाल लागला. हॉलमध्ये निखिलचा इंटरनेटवाला टीव्ही, डिश काकांच्या जुन्या टीव्हीला. मी गच्चीवर परत गेले. दक्षिणेकडच्या शेजाऱ्याने एक मजला चढवून वर काळी टाकी ठेवली होती, ती बरोबर डिशच्या तोंडासमोर आली होती. डिश उचलून कठड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवली. काका खाली टीव्हीसमोर बसून ओरडत होते, "आला! गेला! आला! हां, हलू नको आता, तशीच उभी राह्य!" जणू मीच डिश होते. सिग्नल पक्का झाल्यावर ते गच्चीत आले आणि डिशला रुमालाने पुसलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मझौलीला एका शेतावर डिश लावून परतत होते तेव्हा काकांचा फोन आला. गल्लीतली बरीच मंडळी यंदा नागपूरला जाणार नव्हती. कमलाबाई एकट्या राहतील म्हणून थांबली होती. कोणी ठराव वगैरे केला नव्हता, एकीने ठरवलं, दुसरीला कळलं, आणि बसच्या अर्ध्या सीटा रिकाम्या राहिल्या. एवढं सांगून काका लगेच कामाचं बोलले. "हॉलात एवढी माणसं मावत नाही. मी माहा टीव्ही अंगणात मांडतो. वायर लांब पायजे. येशील?"

गेले. वायर वाढवून दिली, अंगणात टेबलावर जुना टीव्ही बसवला. निखिलने मंडपवाल्याकडून एक स्पीकर आणि माइक आणला. हॉलचं दार अंगणात उघडतं, मध्ये दोन पायऱ्या. बाप-लेक दोघंही खूश, दोघांचाही टीव्ही कामाला लागला. मीही खूश. दोन्ही टीव्हींवर एकच चॅनल लावून तपासलं, म्हणजे आधी एक तपासला, तो बंद केला, मग दुसरा. दोन्ही एका वेळी चालू करून पाहावेत हे माझ्या, काकांच्या, निखिलच्या, कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत जमले. जयभीम, जयभीम करत हॉल भरला, अंगण भरलं. मी कामाला आले नव्हते, पांढरी साडी नेसून आले होते. पण पिशवी सोबत होती, ती सुटत नाही. मावशींना हॉलमध्ये टीव्हीसमोर खुर्चीत बसवलं होतं, पाय स्टुलावर. शेजारी एक रिकामी खुर्ची होती. मी बसायला गेले तर म्हणाल्या, "तिथं नको वं, शांताची आहे." मी जमिनीवर बसले.

मैदानावरची वंदना सुरू झाली. त्रिशरण तीनदा म्हणतात. एकदा झालं की दुसऱ्यांदा, तेव्हा "दुतियम्पि" म्हणून सुरुवात करतात. तिसऱ्यांदा "ततियम्पि".

अंगणाने सुरुवात केली. भरघोस, काकांचा आवाज सगळ्यांच्या वर. हॉलमधले आम्ही हात जोडून तयार, आणि आमच्या टीव्हीवर अजून एक कार्यकर्ता माइक ठोकून बघत होता. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग आमचं सुरू झालं. आम्ही "दुतियम्पि" वर पोचलो तेव्हा अंगण "ततियम्पि" म्हणत होतं. आता शेजारून एवढ्या मोठ्याने पुढची ओळ कानावर पडली की जीभ आपोआप तिकडे जाते. हॉलमधल्या अर्ध्या बायका अंगणासोबत गेल्या, अर्ध्या टीव्हीसोबत राहिल्या. दाराजवळचे लोक तर एक ओळ इकडची, एक ओळ तिकडची म्हणू लागले.

"बाबा, आवाज कम करो!" निखिल पायरीवरून कुजबुजला. ती कुजबूज गल्लीला ऐकू गेली असेल.

"मी काहून कमी करू? तू पुढं ये!"

"पुढे कैसे आऊं, बाबा? ये लाइव्ह है!"

"मग हे काय मुर्दा आहे?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग हसू पसरलं, वंदनेत हसायचं नाही म्हणून जास्तच. मीही ओठ चावत होते. आणि मग मावशींकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. हात जोडलेले होते, ओठ मिटलेले. त्यांना हवं ते एवढंच होतं की सगळ्यांसोबत, त्याच वेळी म्हणायचं, आणि इथे स्वतःच्या घरातच दोन वेगळ्या वेळा झाल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. एवढी माणसं त्यांच्यासाठी थांबली होती, आणि त्यांनाच एक शब्द म्हणता येत नव्हता.

मी उठले. डोकं चालू लागलं, कामावर असल्यासारखं. मागचा टीव्ही पुढे आणता येत नाही. पोळ्याच आलेल्या नाहीत तर वाढणार काय? पण पुढच्याला थांबवता येतं. काकांच्या सेट-टॉप बॉक्सला पेन ड्राइव्ह लावला की चालू कार्यक्रम पॉज करता येतो. अर्धं मिनिट थांबवायचा, हॉल आला की सोडायचा. पिशवीत माझा पेन ड्राइव्ह होता, जुन्या गाण्यांनी भरलेला. अंगणात धावले, बॉक्सला लावला. बॉक्सने विचारलं, यातलं सगळं पुसू का? गाण्यांकडे न बघता मी बटण दाबलं. पडद्यावर टक्के सरकू लागले, इतके हळू की वाटलं एकेक गाणं ऐकून पुसतोय.

"काय करून राहिली? माहा टीव्ही बंद नको पाडू!" काका म्हणाले.

"तुमच्या टीव्हीला जरा थांबवते, काका."

"काहून? त्याच्या टीव्हीले पळव ना!"

तेवढ्यात हॉलमधून फोनची रिंग ऐकू आली. मावशींचा फोन. त्यांनी घाईने उचलला आणि त्याचा स्पीकर लागला.

"ताई! ताई, लागला वं एकदाचा! सकाळपासून लावून राहिली मी!" शांताबाईंचा आवाज, आणि त्यांच्या मागे समुद्रासारखा आवाज, लाखो लोकांचा. "चादर टाकली हाय, तुही जागा हाय. ऐकू येते का? पंचशील सुरू होऊन राहिलं पाह्य."

आणि फोनमधून पंचशील सुरू झालं. अंगणातल्या टीव्हीवर ते अजून आलं नव्हतं. हॉलमधल्या टीव्हीवर तर त्रिशरणच संपत होतं.

मावशींनी डोळे मोठे केले. एव्हाना मी दारात पोचले होते. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "संध्या, हे दोन्ही बंद कर."

"बंद नको, मावशी. म्यूट करते."

अंगणातला रिमोट हातात होताच, हॉलमधलाही उचलला. दोन्ही टीव्ही गप्प केले. निखिलच्या लक्षात आलं, मला काही सांगावं लागलं नाही. त्याने माइक आणून आईच्या फोनच्या तोंडाला धरला, वाकून, दोन्ही हातांनी, कॉल कट होऊ नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेत. स्पीकरमधून मैदान थेट आमच्या अंगणात आलं. मावशींनी म्हणायला सुरुवात केली. हॉल त्यांच्यामागे, अंगण त्यांच्यामागे, टीव्हीतल्या मैदानासारखे सगळे उभे राहून. काकांचा आवाज या वेळी कोणाच्या वर नव्हता. फोनमधून शांताबाईंचा आवाज वेगळा ओळखू येत होता, जरा बेसूर, आणि मावशी तिच्याशी आवाज जुळवून म्हणत होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. माझेही डोळे भरले. मी गेली कित्येक वर्षं लोकांच्या घरात सिग्नल आणून देते, पण इतका चांगला आलेला पाहिला नव्हता.

वंदना संपली. साधु, साधु, साधु म्हणून आम्ही खाली बसलो. मग अंगणातल्या टीव्हीतली माणसं, आवाज नसलेली, खाली बसली. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मग सगळ्यांनी मिळून हॉलच्या टीव्हीकडे पाहिलं. तिथली माणसं अजून हात जोडून उभी होती. आम्ही वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळाने तीही खाली बसली, आणि घरात हशाचा असा काही आवाज उठला की फोनमधून शांताबाई विचारू लागल्या, "काय झालं वं? काय झालं?"

"पाह्य!" काका निखिलला म्हणाले. "डिश दुसरी आली."

"और मेरा थर्ड. ठीक है, बाबा, मान लिया."

"पहिला नंबर कोणाचा?"

"शांतामौसीच्या फोनचा," निखिल म्हणाला. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग खीर आली. तेवढ्यात अंगणातून बॉक्सने टिंग केलं, पेन ड्राइव्ह तयार झाला होता. माझी सगळी गाणी गेली.

दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला. "संध्या जी, घमापुर वाली डिश?"

"नहीं निकली, सर. दोनों लग गए."

"कस्टमर को क्या पसंद आया?"

"फोन, सर."

साहेब हसले. मग म्हणाले, "फॅमिली मॅटर?" मी म्हटलं, "जी."

तेव्हापासून माझ्या कामात एकच फरक पडला. डिश घेऊ की इंटरनेट, असं कस्टमर विचारतो तेव्हा मी पाऊस, वायर, स्पीड यांच्यावर नंतर येते. आधी विचारते, कोणासोबत बघायचं आहे? बरेच जण गोंधळतात. एक बाई तर म्हणाल्या, "अकेले में, बहन, बिलकुल अकेले में." त्यांना मी हेडफोनसकट फायबर लावून दिलं. आणि एकाच घरात दोन टीव्ही असतील तर दोन्ही एका वेळी चालू करून पाहते, हे सांगायला नको.

पुढच्या दसऱ्याला मावशींचा गुडघा ठणठणीत होता. बसमध्ये सगळ्यांच्या आधी त्या चढल्या. या वेळी मागे राहिलेल्यांमध्ये मी होते, वडिलांना बरं नव्हतं. गजभियांच्या अंगणात आम्ही मोजकीच माणसं जमलो. काका टीव्हीसमोर, निखिल आत. दोन्ही टीव्ही आधीच म्यूट करून ठेवले होते आणि माइक माझ्या मांडीवर होता.

बराच वेळ फोन लागेना. मग वाजला. मागे तोच आवाज, आणि त्यातून मावशी ओरडत होत्या, "काहून वं संध्या, डिशच्या आधी पोचली ना मी?"

अंगणातल्या टीव्हीवर कार्यकर्ता अजून माइक ठोकून बघत होता.

"पोचल्या, मावशी," मी म्हटलं. "सगळ्यांच्या आधी."